तीन आठवड्यांत कुणाचं भलं करायचं?

"मी पदवीच्या वर्गांना पर्यावरणशास्त्र शिकवते. पुढच्या सुट्टीत आमच्या कॉलेजने वीस मुलामुलींचा तीन आठवड्यांचा परदेशी अभ्यासदौरा ठरवला आहे. त्यात 'समाजसेवा' हवीच असा वरून आग्रह आहे. त्याचं क्रेडिट द्यायचंय, शिवाय माहितीपत्रकात ते शोभून दिसतं. दौरा आखणाऱ्या एजन्सीने कामांची यादी पाठवली आहे: अनाथाश्रमात शिकवणं, शाळेच्या भिंती रंगवणं, दवाखान्यात मदत करणं. मुलं खूश आहेत. मी मात्र बेचैन आहे. जिथली भाषा येत नाही तिथे तीन आठवडे जाऊन ही मुलं कुणाचं काय भलं करणार? सहकारी म्हणतात, 'फार विचार करू नका, मुलांना अनुभव मिळतो ना, मग झालं.' ही जबाबदारी नाकारावी का? घेतली तर काय बदलावं? — एक प्राध्यापिका"

नमस्कार मॅडम,

नाकारू नका. तुम्ही अंग काढून घेतलंत म्हणून दौरा रद्द होणार नाही. फक्त ती यादी कुणीही प्रश्न न विचारता जशीच्या तशी अमलात येईल. तेव्हा जबाबदारी घ्या आणि यादी परत पाठवा.

तुमच्या मूळ प्रश्नाचं उत्तर आधी देऊन टाकतो. तीन आठवड्यांत तुमची मुलं तिथल्या कुणाचं फारसं भलं करणार नाहीत. शिकतील मात्र भरपूर. तिथल्या माणसांना त्यांचा थोडाफार उपयोगही होईल, पण एका अटीवर. काम तिथल्या लोकांनी स्वतः ठरवलेलं असावं, तुम्ही जाण्याआधी चालू असावं आणि तुम्ही परतल्यावरही चालू राहणारं असावं. मुलांनी त्या कामात शिकाऊ म्हणून उमेदवारी करायची. 'मदत करायला चाललोय' ही भाषा दौऱ्याच्या कागदांतून काढून टाकलीत तरी निम्मे गोंधळ सुरू होण्याआधीच मिटतील.

तुमची शंका जुनी आहे आणि तुमच्याहून कितीतरी कडक शब्दांत मांडली गेली आहे. 1968 च्या एप्रिलमध्ये समाजचिंतक इव्हान इलिच यांनी मेक्सिकोत सेवाकार्य करणाऱ्या अमेरिकी विद्यार्थ्यांच्या परिषदेत भाषण केलं. इलिच स्वतः मेक्सिकोत राहून काम करणारे. त्यांनी त्या मुलांना तोंडावर सांगितलं की तुमच्या हेतूबद्दल शंका नाही, पण तुम्हाला तिथली भाषा कळत नाही, लोक तुमच्याबद्दल काय बोलतात तेही कळत नाही. बघायला या, डोंगर चढायला या, शिकायला या. मदत करायला येऊ नका. यजमानांनी बोलावलेल्या पाहुण्याने यजमानांनाच असं झापलेलं क्वचितच ऐकायला मिळतं.

मला इलिच बरेचसे पटतात. जिथे पटत नाहीत ती जागा अशी: स्वतःची योजना बरोबर घेऊन आलेला माणूस त्यांच्या डोळ्यांसमोर होता. दुसऱ्याच्या योजनेत हाताखाली काम करायला आलेला विद्यार्थी ही वेगळी गोष्ट आहे. सर्व्हिस लर्निंगची, म्हणजे सेवेतून शिकण्याच्या पद्धतीची, पायाभरणी करणाऱ्यांपैकी रॉबर्ट सिग्मन यांनी 1979 मध्ये तीन तत्त्वं मांडली, ती याच जागेवर बोट ठेवतात. ज्यांची सेवा करायची, सेवेवर ताबा त्यांचा. त्या सेवेतून त्यांची स्वतःची कुवत वाढली पाहिजे. आणि सेवा करणाराही शिकणारा आहे, आपण काय शिकायचं हे ठरवण्यात त्याचा मोठा वाटा असला पाहिजे. पन्नास वर्षं होत आली तरी यापेक्षा चांगली चाळणी माझ्या पाहण्यात नाही. एजन्सीची यादी त्यातून घालून बघा, खाली काही उरत नाही.

अनाथाश्रम आधी खोडा. इथे तडजोड नको, 'फक्त एक दुपार' म्हणूनसुद्धा नको. कंबोडियात झालेल्या पाहणीचा जो अहवाल युनिसेफने 2011 मध्ये पुढे आणला, त्यात अशा संस्थांमधल्या सुमारे तीन-चतुर्थांश मुलांचे आई किंवा वडील हयात असल्याचं दिसलं. पाहुणे येतात, देणग्या देतात, म्हणून मुलं आणली जातात, असा हा उलटा व्यवहार आहे. गरीब आईबापांना शिक्षणाचं आमिष दाखवलं की मूल मिळतं. डिसेंबर 2019 मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेने बालहक्कांवरच्या ठरावात अनाथाश्रमांतल्या स्वयंसेवेमुळे होणाऱ्या हानीची दखल घेतली आणि ती रोखायला देशांना सांगितलं. आणि समजा संस्था अगदी सचोटीची निघाली, तरी दर तीन आठवड्यांनी नवी ताई, नवा दादा, लळा लागला की तो गेलेला. तुमची मुलं रडत रडत निरोप घेतील, तो फोटो सुंदर येईल. पुढच्या सोमवारी तिथल्या पोरांसमोर दुसराच गट उभा असेल.

दवाखान्यासाठी साधी कसोटी लावा. जे काम या विद्यार्थ्याला स्वतःच्या देशात करू दिलं नसतं, ते तिथेही करू द्यायचं नाही. रक्तदाब मोजणं, टाके घालणं, 'डॉक्टरांना हातभार' हे सगळं त्यात आलं. तिकडचा रुग्ण गरीब आहे म्हणून त्याच्यावर हात साफ करायचा परवाना मिळत नाही.

भिंत रंगवणं त्या मानाने निरुपद्रवी. पण वीस जणांच्या विमानभाड्यात कितीतरी भिंती तिथल्याच रंगाऱ्याकडून, त्याला रोजंदारी देऊन, नीट रंगवून झाल्या असत्या. आणि तुम्ही पर्यावरणशास्त्राच्या. ब्रश फिरवल्याबद्दल त्या विषयाचं क्रेडिट कसं देणार? सेवा आणि अभ्यासक्रम यांची सांगड नसेल तर ती सहलीला लावलेली शेपटी होते. मुलांना ती कळते, फक्त ती बोलत नाहीत.

आता काय करायचं ते. एजन्सी आधी देश ठरवते, मग हॉटेल, मग उरलेल्या दिवसांत सेवा बसवते. तुम्ही उलटीकडून सुरुवात करा. आधी यजमान संस्था, मग तिचं काम, मग त्या कामाशी जुळणारा तुमच्या अभ्यासक्रमातला भाग, आणि गाव-देश सगळ्यात शेवटी. संस्था कशी शोधायची? त्या देशातल्या एखाद्या विद्यापीठातल्या तुमच्याच विषयाच्या विभागाला पत्र लिहा आणि विचारा की तुमचे विद्यार्थी क्षेत्रकामाला कुठे जातात. जिथे स्थानिक विद्यार्थी वर्षभर जातात, तिथे काम खरं असण्याची शक्यता जास्त. शिवाय तुमच्या मुलांना बरोबरीची, त्यांच्याच वयाची जोडीदार मुलं मिळतात. अशा दौऱ्यांत ही गोष्ट फार कमी वेळा घडते आणि खरी गंमत तिथेच असते.

संस्थेशी बोलाल तेव्हा 'तुम्हाला काय मदत हवी?' असं विचारू नका. पाहुण्याला नाराज करायचं नाही म्हणून काहीतरी सांगितलं जाईल. त्याऐवजी विचारा: आम्ही आलो नाही तर हे काम कोण करतं? 'कुणीच नाही' असं उत्तर आलं तर ते काम पाहुण्यांसाठीच मांडलेलं असण्याची दाट शक्यता आहे. याआधी कुठल्या गटाला तुम्ही नाही म्हणालात, आणि का? कुठल्या महिन्यात आमची तुम्हाला अडचण होईल? वीस जण येण्याऐवजी पाच आले तर बरं पडेल का? बहुतेक ठिकाणी या शेवटच्या प्रश्नावर फोनच्या पलीकडचा माणूस सुटकेचा श्वास सोडतो. मग चार गट करा, चार संस्था शोधा. त्रास तुम्हाला होईल, पण तो तुमच्याकडेच असायला हवा.

तुमच्या विषयाला चपखल बसेल असं एक काम जरा जवळून दाखवतो. बऱ्याच देशांत नदीकाठी राहणारे लोक स्वतःच पाण्यावर नजर ठेवतात. ठरलेल्या जागांवरून ठरलेल्या दिवशी नमुने घ्यायचे, तापमान, सामू (पीएच), विरघळलेला ऑक्सिजन मोजायचा, वहीत नोंदवायचं. नोंदी वर्षानुवर्षं चालतात. त्यांच्याकडे हातांची खरोखर कमतरता असते. तुमची मुलं तिथे पहिल्या दिवशी जातील आणि पहिला नमुना चुकवतील, कारण पुस्तकात वाचलेलं आणि गुडघाभर पाण्यात उभं राहून केलेलं यात अंतर आहे. बाटलीवर नाव आधी लिहायचं, ओल्या बाटलीवर शाई उठत नाही. तोंड प्रवाह येतो त्या दिशेला करून उभं राहायचं, नाहीतर स्वतःच्याच पायांनी ढवळलेला गाळ नमुन्यात येतो. नदीच्याच पाण्याने बाटली तीनदा विसळायची आणि विसळलेलं पाणी खालच्या अंगाला टाकायचं. जंतूंच्या तपासणीची निर्जंतुक बाटली मात्र अजिबात विसळायची नाही, आणि तो नमुना बर्फाच्या पेटीत काही तासांत प्रयोगशाळेत पोचायला हवा. ऑक्सिजन आणि तापमान जागेवरच मोजायचं, नंतर ते आकडे खोटे बोलतात.

हे सगळं त्यांना शिकवणार कोण? पंधरा वर्षं त्या काठावर नमुने घेणारी एखादी बाई, जिच्याकडे कदाचित पदवी नसेल. तुमची गुणवंत मुलं तिच्याकडून 'परत घे, हा नमुना चालणार नाही' असं ऐकतील. या दौऱ्यात मुलांनी घेण्यासारखा सगळ्यात मोलाचा अनुभव माझ्या मते हाच. दुसरं असं की या कामाला भाषा कमी लागते, वही आधीपासूनची असते आणि तुम्ही गेल्यावर पुढच्या महिन्यात त्याच जागेवर कुणीतरी पुन्हा बाटली बुडवणार असतं. तुमच्या मुलांचे आकडे त्या रांगेतले एक-दोन ठिपके. तेवढंच, आणि ते पुरेसं आहे.

आता जरा हिशेब मांडू. एकवीस दिवसांतून प्रवास, पहिल्या दोन दिवसांची झोपमोड, रविवार आणि पाहण्याची ठिकाणं वजा केलीत तर कामाचे जेमतेम दहा-अकरा दिवस उरतात. त्यात अर्धा दिवस काम आणि अर्धा दिवस वर्ग धरला तर माणशी चाळीसेक तास. युरोपच्या क्रेडिट पद्धतीत एका क्रेडिटमागे 25 ते 30 तासांचा अभ्यास धरतात. म्हणजे निव्वळ तिथलं काम दोन क्रेडिटचंही भरत नाही. म्हणून अभ्यासाचा मोठा भाग जाण्याआधी आणि आल्यानंतर ठेवा. इरॅस्मस प्लस या युरोपीय संघाच्या शिक्षण-कार्यक्रमाने नेमकी हीच रचना केली आहे. त्यांच्या मिश्र लघु-अभ्यासक्रमांत प्रत्यक्ष मुक्काम 5 ते 30 दिवसांचा, पण त्याला ऑनलाइन भागाची जोड सक्तीची, आणि सगळं मिळून किमान 3 क्रेडिट. तुम्ही जाण्याआधी सहा आठवडे घ्या. त्या नदीच्या मागच्या वर्षांच्या नोंदी मागवून मुलांना आलेख काढायला लावा. यजमानांबरोबर दोन-तीन ऑनलाइन भेटी घ्या. अभिवादन, आकडे, 'कळलं नाही, परत सांगता का?' एवढी तरी तिथली भाषा पाठ करून घ्या. शेवटचं वाक्य सगळ्यात जास्त कामाला येतं.

चाळीस तासांची दुसरी बाजू यजमानांची. पाच नवख्यांना शिकवायला तिथला एक जाणता माणूस पहिला आठवडाभर स्वतःच्या कामावरून उठतो. हा खर्च अंदाजपत्रकात स्वतंत्र ओळ घालून दाखवा आणि चुकता करा: संस्थेच्या वेळेचे पैसे, दुभाष्याचे पैसे, नेण्याआणण्याचं इंधन. एजन्सीला विचारा की विद्यार्थ्यामागे घेतलेल्या रकमेतून यजमान संस्थेच्या हातात नेमकं किती पडतं. उत्तर लेखी मागा. टाळाटाळ झाली तर तेही उत्तरच.

रोजनिशीबद्दल थोडं सविस्तर लिहितो, कारण शिकणं तिथेच होतं किंवा वाया जातं. पहिल्या आठवड्यात निदान पाच वह्यांत हे वाक्य येईल: 'इथले लोक गरीब आहेत, पण किती आनंदी आहेत!' त्यावर लाल रेघ मारू नका आणि 'छान निरीक्षण' असंही लिहू नका. खाली प्रश्न लिहा. कोणाला पाहिलंस? कुठे, किती वाजता? तो माणूस हसला तेव्हा तू त्याच्या दारात पाहुणा होतास ना? आपल्या घरी पाहुणा आला की आपण कसे वागतो? त्याची कमाई वर्षाच्या कुठल्या महिन्यात आटते, हे विचारलंस का? दुसऱ्या आठवड्यात तोच मुलगा लिहील की नदीवरच्या बाई आज फारशा बोलल्या नाहीत, वरच्या अंगाच्या कारखान्याबद्दल विचारल्यावर त्यांनी विषय बदलला. हे वाक्य आलं की तुमचा अभ्यासक्रम सुरू झाला असं समजा. मग वर्गात बसून बोला: काय घडलं, त्याचा अर्थ काय, आणि आता पुढे काय. रोज संध्याकाळी अर्धा तास, दमलेले असलात तरी. गुण द्यायचे ते या विचाराला. भरलेल्या तासांना किंवा गहिवराला गुण नाहीत.

फोटोंचा नियम निघण्याआधीच लेखी करा. ओळख पटेल असा लहान मुलांचा फोटो नाही, विचारल्याशिवाय मोठ्यांचाही नाही. नमुना घेताना यजमान बाईंचा फोटो काढला तर तो आधी त्यांना पाठवायचा. आणि कृपा करून 'सेवा दल' छापलेले एकसारखे टी-शर्ट शिवू नका.

कागदपत्रांत एक गोष्ट हटकून राहते, ती म्हणजे व्हिसा. पगार नाही म्हणजे काम नाही, असं अनेक देश मानत नाहीत. ब्रिटनमध्ये पाहुणा म्हणून गेलेल्याला नोंदणीकृत धर्मादाय संस्थेत जास्तीत जास्त 30 दिवस स्वयंसेवा करता येते. इतर काही देशांत त्याच कामाला वर्क परमिट मागतात. 'टुरिस्ट म्हणून सांगा, कुणी विचारत नाही' असं एजन्सी म्हणाली तर तिथेच थांबा. पकडलं गेलं तर मुलांबरोबर यजमान संस्थाही गोत्यात येते. विम्यात क्षेत्रकाम आणि पाण्यातलं काम बसतं का, तेही पाहून घ्या.

परतल्यावर काय? इथे मला शिकागोच्या समाजसेविका जेन ॲडम्स आठवतात. 1888 मध्ये युरोपच्या प्रवासात त्यांनी लंडनच्या गरीब वस्तीतलं टॉयनबी हॉल पाहिलं. ऑक्सफर्ड-केंब्रिजचे तरुण तिथे वस्तीत राहून काम करत होते. ॲडम्सबाईंनी लंडनचं भलं करायला घेतलं नाही. त्या घरी परतल्या आणि 1889 मध्ये एलन गेट्स स्टार यांच्यासोबत शिकागोत तसंच वस्तीतलं केंद्र, हल हाउस, सुरू केलं. पुढे 1895 मध्ये तर त्या आपल्या वॉर्डाच्या कचरा-निरीक्षक झाल्या आणि कचरागाड्यांच्या मागे फिरू लागल्या. शिकणं परदेशात आणि सेवा स्वतःच्या दारात, ही वाटणी मला अल्पमुदतीच्या दौऱ्यांसाठी सगळ्यात प्रामाणिक वाटते. तुमच्या मुलांना परतल्यावर एक सत्रभर आपल्याजवळच्या एखाद्या ओढ्याचे किंवा तळ्याचे नमुने घ्यायला लावा, तीच पद्धत, तसलीच वही. आकडे तिकडच्या गटाला पाठवा, त्यांचे मागवा. क्रेडिटचा अर्धा भाग यालाच द्या. इथे भाषा येते, तक्रार कुठे करायची ते माहीत असतं आणि तीन आठवड्यांनी विमान पकडायचं नसतं.

वरिष्ठांशी बोलताना नीतिमत्तेपासून सुरुवात करू नका, त्यांना ते आपल्यावरचं बोट वाटेल. त्यांच्यासमोर तीन कागद ठेवा: नदीच्या कामाचा अभ्यासक्रमाशी जोडलेला आराखडा, तासांचा हिशेब, आणि अनाथाश्रम-दवाखान्यातल्या कामात कॉलेजवर येऊ शकणारी कायदेशीर जबाबदारी. माहितीपत्रकासाठी त्यांना बर्फाच्या पेट्या उचलून चालणाऱ्या मुलांचा फोटो मिळेल, तो भिंतीपेक्षा बरा दिसतो. सहकाऱ्यांच्या 'अनुभव मिळतो ना' या म्हणण्यावर वाद घालू नका. अनुभव मिळतोच, तो कुणाच्या खर्चाने मिळतो एवढंच आपण बघतोय.

मुलांना मात्र सगळं सांगा. अनाथाश्रम का गळला, हे त्यांना आदेश म्हणून कळलं तर ती हिरमुसतील. त्यांनाच आठवडाभर शोधायला लावा आणि यादीतलं एकेक काम सिग्मनच्या तीन तत्त्वांवर तपासायला द्या. दौऱ्याचं पहिलं गृहपाठ हेच ठेवा. काही जण तुमच्याहून कडक निघतील, तयारी ठेवा.

आणि वेळेत योग्य यजमान मिळालाच नाही तर? मग या वर्षी सेवा वगळा. निव्वळ अभ्यासदौरा म्हणा, संग्रहालयं, प्रयोगशाळा, जलशुद्धीकरण केंद्रं दाखवा, स्थानिक विद्यापीठात आठवडाभर वर्ग लावा आणि क्रेडिट अभ्यासाचंच द्या. तिथे असताना एक दुपार काढून नदीवर नमुने घेणाऱ्या एखाद्या गटाला स्वतः जाऊन भेटा, शक्यतो मुलांना न घेता. पुढच्या वर्षीची बोलणी तिथे सुरू करा.